पानाच्या आकृतीतली पांढरी जागा : तिथे नक्की काय असतं?

मुलुंडची_आई
बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. लेक नववीत आहे. शाळेत पानाच्या आडव्या छेदाची आकृती काढायला दिली होती, म्हणजे पान कापून कडेने बघितलं तर आत कसं दिसतं ती. तिने अगदी मन लावून काढली, वरची त्वचा, त्याखाली उभ्या उभ्या पेशी, त्याखाली वेड्यावाकड्या गोल पेशी, मधे शीर, खाली परत त्वचा आणि त्यात ती बारीक भोकं. आणि मग खालच्या गोल पेशींच्या मधे जी जागा राहिली ती पण हिरवी रंगवून टाकली, कारण तिचं म्हणणं पान सगळं हिरवं असतं मग मधेच पांढरं कुठून येईल. वही परत आली तर त्यावर लाल गोल आणि "रिकामी जागा सोडावी" एवढंच. अर्धा मार्क गेला त्याचं तिला काही नाही, पण रिकामी का हे विचारायला गेली तोवर तास संपला होता आणि आता चार दिवस ती मलाच विचारतेय. मी कॉमर्सची. काल फोडणीसाठी कढीपत्ता काढला तर त्यातलं एक पान घेऊन खिडकीत गेली, उजेडावर धरलं आणि म्हणाली आई यात जागा कुठे आहे गं, कागदाएवढं तर आहे, आणि हे बारीक ठिपके चमकतायत ते काय?
पाठ कर म्हणून मला सांगायचं नाहीये तिला. ती जागा खरंच रिकामी असते का? असेल तर कशासाठी? आणि मग पान चपटं होऊन कसं बसत नाही?

दादरकर
रिकामी म्हणजे हवा असते तिथे. पानाच्या खालच्या भोकांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, आत गेलेली हवा. जास्त सविस्तर बॉटनीवाली ताई सांगतील, त्या आल्याशिवाय राहणार नाहीत या धाग्यावर.

बॉटनीवाली
आले आले. आणि आधी लेकीला माझी शाबासकी सांगा. २८ वर्षं कॉलेजात प्रॅक्टिकल घेतली, टी. एस. मधली, म्हणजे आडव्या छेदाच्या आकृतीतली, ती जागा पांढरी सोडणारी शेकडो मुलं बघितली, पण ती पांढरी का हे विचारणारी फार थोडी. मार्क गेला ते आकृतीच्या दृष्टीने बरोबर आहे, पण प्रश्न त्या मार्कापेक्षा मोठा आहे.

आता उत्तर. साधारण पान पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असतं आणि तेवढ्यात पेशींचे सहा-आठ थर तरी बसलेले असतात. वर मेणाचा पातळ लेप, त्याखाली अपित्वचा, ही काचेसारखी पारदर्शक, कारण तिला उजेड अडवायचा नसतो. त्याखाली त्या उभ्या पेशी, पॅलिसेड म्हणतात, पानातली बहुतेक हरितलवकं, म्हणजे उजेड पकडणारे हिरवे कण, इथेच भरलेली. मग खाली स्पंजी, जिथे तुमच्या लेकीने रंग भरला. आणि मग खालची अपित्वचा, तिच्यात पर्णरंध्रं.

पानाला दोन गोष्टी लागतात, उजेड आणि कार्बन डायऑक्साइड. उजेड वरून सरळ आत येतो. पण हवेत कार्बन डायऑक्साइड आहे किती, तर ०.०४ टक्के. एवढासा वायू खालच्या भोकातून शिरून वरच्या पॅलिसेड पेशीपर्यंत पोचायला हवा. समजा सगळं पान पेशींनी गच्च भरलेलं असतं, तर त्याला पाण्यातून वाट काढत जावं लागलं असतं, कारण पेशी म्हणजे बव्हंशी पाणीच. आणि हा वायू हवेतून जेवढ्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण १०,००० पट हळू पाण्यातून पसरतो. म्हणजे वरच्या पेशी उजेडात बसून उपाशी राहिल्या असत्या. म्हणून पानाने आत हवेचे रस्ते ठेवलेत. कार्बन डायऑक्साइड पेशीच्या दारापर्यंत हवेतून येतो, आणि फक्त शेवटची जराशी वाट, पेशीच्या ओल्या भिंतीतून आत, तेवढी पाण्यातून.

जुनी चाळ डोळ्यासमोर आणा, मधे चौक आणि सगळ्या खोल्या त्या चौकाकडे उघडणाऱ्या. कोणी बाहेरून बघितलं तर म्हणेल एवढी मोठी जागा मोकळी कशाला सोडली, अजून आठ खोल्या झाल्या असत्या. पण तो चौक बुजवला तर आतल्या खोल्यांना वारा मिळणार नाही. पानातला चौक तसा आहे, फक्त एक मोठा नाही, हजारो छोटे आणि सगळे एकमेकांना जोडलेले.

किती मोकळी जागा, तर झाडागणिक फार बदलतं, पण बऱ्याच पानांत पाव हिस्सा सहज हवाच असते. आणि त्या हवेला लागून पेशींच्या जेवढ्या भिंती आहेत त्या सगळ्यांचं क्षेत्रफळ मोजलं तर पानाच्या बाहेरच्या क्षेत्रफळाच्या १० ते ४० पट भरतं.

चपटं का होत नाही : पेशी पाण्याने टम्म फुगलेल्या असतात, त्या एकमेकींना रेटून धरतात, शिवाय शिरांचा सांगाडा आहेच. कोथिंबिरीची जुडी दुपारपर्यंत मान टाकते आणि पाण्यात उभी ठेवली की परत ताठ होते, ते हेच.

कढीपत्त्यातले ठिपके म्हणजे ही हवेची जागा नव्हे. त्या तेलाच्या पिशव्या, तो सगळा वास तिथे साठवलेला असतो. लिंबाच्या पानातही दिसतील, दोन्ही एकाच कुळातली झाडं. पेशींच्या मधल्या हवेच्या जागा नुसत्या डोळ्यांना दिसायच्या नाहीत, त्याला मायक्रोस्कोपच हवा.

माटुंगा_मार्केट
ताई किती छान समजावलंत. मला एक विचारायचंय, मी केटरिंगचं काम करते तर रोज पालक उकळते. उकळत्या पाण्यात टाकला की पहिल्या अर्ध्या मिनिटात एकदम झळझळीत हिरवा होतो, कच्च्यापेक्षाही हिरवा, आणि टोपभर पालकाचा वाटीभर होतो. याचा आणि त्या हवेचा काही संबंध आहे का?

बॉटनीवाली
अगदी सरळ संबंध. कच्च्या पानात त्या हवेच्या जागांवर उजेड इकडे तिकडे उधळला जातो, म्हणून हिरव्यावर एक धुरकट पांढुरकी झाक असते. उकळत्या पाण्यात ती हवा निघून जाते, तिथे पाणी शिरतं आणि आतला हिरवा रंग स्वच्छ दिसायला लागतो. (नंतर जास्त शिजवला की काळपट होतो ते वेगळं, तिथे हरितद्रव्यच बदलतं, त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं.) वाटीभर होतो कारण पेशींचा ताठपणा गेला आणि हवाही गेली.
आणि पानाची खालची बाजू वरच्यापेक्षा फिकी दिसते ना, आंबा, जांभूळ, वड काहीही घ्या, त्यामागेही बरंचसं हेच, खाली स्पंजी आणि हवा जास्त.

मुलुंडची_आई
तुमचं सगळं लेकीला वाचून दाखवलं. चौकाचं तिला लगेच पटलं, आजोळी गिरगावात तशीच चाळ होती. पण आता नवा प्रश्न, वरच्या उभ्या पेशी तर एकमेकींना चिकटून काढल्यात आकृतीत, मग त्यांच्यामधे हवा कशी जाणार?

बॉटनीवाली
ही मुलगी पुढे जाणार. आकृतीतली ती गंमत अशी की आपण पान कडेने कापलेलं बघतो. तेच पान वरून तासत तासत पॅलिसेडपर्यंत गेलं आणि वरून बघितलं तर त्या पेशी डब्यात उभ्या ठेवलेल्या पेन्सिलींसारख्या गोल गोल दिसतात, आणि गोल वस्तू कितीही दाटीने ठेवा, मधे फटी राहतातच. प्रत्येक पॅलिसेड पेशीला कुठून ना कुठून हवा लागलेली असते. पुस्तकातल्या चित्रात ते नीट येत नाही, त्याला चित्रकाराचाही दोष नाही.

खाडीकाठ
मी भांडुप पंपिंगला पक्षी बघायला जातो, तिथल्या तिवरांबद्दल लिहितो कारण विषयात बसतंय. तिवराच्या पानाला एक मोठी अडचण आहे, मुळाशी खारं पाणी. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात पण जे चढतं ते पान बाहेर टाकतं, पानावर मिठाच्या ग्रंथी असतात. ऊन पडलं की पानावर बारीक पांढरे कण दिसतात, बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट. आणि पान उलटं केलं तर खालून पांढरट राखाडी, तिथे केसांची दाट लव असते आणि पर्णरंध्रं त्या लवेखाली. वरच्या अपित्वचेखाली पाणी साठवणाऱ्या पेशींचे थर वेगळेच. म्हणजे पाय सतत पाण्यात असूनही ते झाड पाणी वाळवंटातल्या झाडासारखं जपतं. आमच्या ग्रुपमधली लहान मुलं हे चाखून बघितल्यावर कधी विसरत नाहीत.

दादरकर
हे माहीतच नव्हतं. पण पाणी जपायचं कारण काय, खारं असलं तरी पाणीच ना?

बॉटनीवाली
खारं पाणी आत ओढायला झाडाला खूप जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे मिळालेला थेंब महाग. आणि इथे त्या पांढऱ्या जागेची दुसरी बाजू येते, मी मगाशी सांगायची राहिले. आतल्या पेशींच्या भिंती ओल्या असाव्याच लागतात, नाहीतर कार्बन डायऑक्साइड विरघळणार कशात. मग ओली भिंत आणि शेजारी मोकळी हवा म्हटलं की पाणी उडणारच, आणि रंध्र उघडं असलं की ती वाफ बाहेर. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९० टक्क्यांहून जास्त असंच उडून जातं. पानाने जगायसाठी दार उघडायचं आणि दार उघडलं की पाणी जाणार, हा व्यवहार आहे, यातून कुठल्याच झाडाची सुटका नाही. पानाच्या आतली सगळी रचना मला तरी या एका व्यवहाराचीच वेगवेगळी उत्तरं वाटते. रंध्राच्या दोन्ही कडांना असलेल्या दोन रक्षक पेशी पोटॅशियम आत घेतात, त्यामागे पाणी येतं, त्या फुगतात आणि मधली भेग उघडते. पोटॅशियम बाहेर गेलं की ढिल्या पडून बंद. सगळी रंध्रं पूर्ण उघडली तरी पानाच्या पृष्ठभागाच्या एक-दोन टक्केच जागा उघडी होते, आणि तेवढ्यावर एवढा खेळ.

तुमच्या आसपास बघायचं तर कण्हेर. आपल्या हायवेच्या दुभाजकांवर उन्हातान्हात धुरात ती का टिकते तर पान कापून बघा. वर अपित्वचेचे एकाखाली एक थर, आणि खालच्या बाजूला खोल खळगे, रंध्रं त्या खळग्यांच्या आत आणि खळग्यात केस. वारा तिथपर्यंत पोचतच नाही. आम्ही परीक्षेला हमखास कण्हेर द्यायचो. (कण्हेर विषारी आहे, मुलांनी हात लावला तर धुवायला लावा, चीक तोंडात डोळ्यात जाऊ देऊ नका. तिवरासारखं हिला चाखायचं नाही!!)

सकाळची_लोकल
धुराचा विषय निघालाच आहे तर, आमच्या रस्त्यावर दोन वर्षं खोदकाम चालू आहे, बदामाची आणि रेन ट्रीची पानं धुळीने पार राखाडी झाली आहेत. रंध्रं बुजत असतील का? रोज बघून जीव तुटतो हो.

बॉटनीवाली
धूळ मुख्यतः पानाच्या वर बसते आणि बऱ्याच झाडांची रंध्रं खालच्या बाजूला असतात किंवा तिथे जास्त असतात, त्यामुळे काही प्रमाणात बचाव होतो. पण वरच्या थरामुळे उजेड कमी पोचतो, पान जास्त तापतं, आणि अगदी बारीक कण रंध्रांच्या तोंडाशी जाऊन बसतातही. निदान सोसायटीच्या आवाराकडेची झाडं पाइपने धुता आली तर धुवा, खरंच फरक पडतो. बाकीच्यांना पहिल्या पावसाची वाट बघावी लागते.

वडाळा_वासी
आमच्याकडे बेडरूममधे स्नेक प्लांट ठेवलंय, ते रात्री ऑक्सिजन देतं असं नर्सरीवाल्याने सांगितलेलं. ते या व्यवहारात कुठे बसतं?

बॉटनीवाली
रात्री उजेड नसतो त्यामुळे ऑक्सिजन तयार होत नाही, तेवढं चुकीचं सांगितलं त्याने. पण त्यामागे एक खरी गोष्ट आहे. स्नेक प्लांट, निवडुंग, पानफुटी ही मंडळी रंध्रं रात्री उघडतात, जेव्हा हवा गार असते आणि पाणी कमी उडतं. रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं आम्ल करून पेशीत साठवायचं, आणि दिवसा दार बंद करून आतल्या आत ते वापरायचं. हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं तर बेंजामिन हेन नावाच्या माणसाच्या, आणि तेही भारतातच. १८१५ मधे त्याने लिहून ठेवलंय की पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं आणि दुपारपर्यंत ती चव जाते. (तुम्ही चावत बसू नका, ते झाड पोटाला बरं नाही.) आणि लेकीला सांगा, या झाडांच्या पानात ती पांढरी जागा फार थोडी असते. पेशी मोठ्या, रसाने भरलेल्या आणि गच्च. म्हणजे तिने जर पानफुटीची आकृती काढून सगळी हिरवी रंगवली असती तर ती बऱ्यापैकी बरोबर ठरली असती.

मुलुंडची_आई
हे शेवटचं वाक्य वाचून ती उडीच मारतेय. ताई आम्हाला घरी काही करून बघता येईल का, मायक्रोस्कोपशिवाय?

बॉटनीवाली
येईल, आणि हा प्रयोग नेमका त्या पांढऱ्या जागेचाच आहे. ताजा पालक, जाड स्ट्रॉ किंवा कागदाला भोकं पाडायचं पंच, मेडिकलमधून सुईशिवाय २० मिलीची सिरिंज. ग्लासभर पाण्यात दोन चिमटी खायचा सोडा, कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून, आणि भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब. मोठी शीर टाळून दहा चकत्या पाडा, सिरिंजमधे टाका, ते पाणी ओढा, वरची हवा काढून टाका. मग तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागे खेचून धरा, दहा सेकंद. चकत्यांतून बुडबुडे निघतील, तीच ती आतली हवा. सोडलं की तिथे पाणी शिरतं. दोन-तीनदा केलं की चकत्या तळाला जातात. मग ग्लासात ओतून उन्हात ठेवा आणि बघत बसा, बाकीचं सांगत नाही.

गिरगावकर
मायक्रोस्कोप हवाच असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाची दुकानं आहेत, स्लाइड, कव्हर स्लिप, पेशी रंगवायचं सॅफ्रनिन सगळं मिळतं. सुरुवातीला फोल्डस्कोप पण पुरे, कागदाचा मायक्रोस्कोप, मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमधे काढलेला, १४० पट मोठं दिसतं. पानाच्या खालच्या बाजूला ट्रान्सपरंट नेलपॉलिश लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं, वर सेलोटेप चिकटवून ओढायची की रंध्रांचा ठसा निघतो, तो स्लाइडवर. आमच्या घरी दोन्ही पोरांनी अख्ख्या गॅलरीतली झाडं तपासली.

ज्वारी_भाकरी
मक्याचं सांगा ना कोणी, गावी आमची ज्वारी आणि मका असतो, त्याच्या पानात पण हेच दोन थर?

बॉटनीवाली
नाही. मका, ज्वारी, बाजरी, ऊस यांत पॅलिसेड आणि स्पंजी असे वेगळे थर दिसतच नाहीत. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं आणि त्याभोवती दुसरं. जर्मनमधे क्रांझ म्हणजे फुलांची चक्री, त्यावरून क्रांझ रचना म्हणतात. बाहेरचं कडं कार्बन डायऑक्साइड पकडून आतल्या कड्याकडे पाठवतं, तिथे तो दाटून राहतो, त्यामुळे रंध्रं कमी उघडूनही काम भागतं. ज्वारी कमी पाण्यात का येते याचं एक कारण तुमच्याच शेतात, पानाच्या आत आहे. भाताला आणि गव्हाला ही सोय नाही, भातात ती बसवता येईल का यावर बरीच वर्षं काम चालू आहे. आणि मक्याचं पान कडक उन्हात सुरळी होतं बघा, वरच्या अपित्वचेत काही मोठ्या पेशी असतात, त्यांतलं पाणी कमी झालं की पान आत वळतं.

मुलुंडची_आई
रविवारी केलं!! पहिल्यांदा लिक्विड घालायला विसरलो तर चकत्या सिरिंजला चिकटून बसल्या, बुडेनातच. दुसऱ्यांदा दहाच्या दहा तळाला. आणि बुडालेल्या चकत्या काचेसारख्या गडद झाल्या होत्या, माटुंगा_मार्केट ताई तुमच्या पालकासारख्या. खिडकीच्या ग्रिलवर उन्हात ग्लास ठेवला, लेक घड्याळ घेऊन बसली. काही वेळ काहीच नाही, मग कडांना बारीक बुडबुडे आणि सातव्या मिनिटाला पहिली चकती सुळकन वर. पंधरा मिनिटांत आठ वर. मी तोवर धुणं सोडून तिथेच उभी. मग तिनेच डोकं लावलं आणि ग्लास कपाटात ठेवला, अर्ध्या तासाने बघितलं तर तीन परत खाली गेल्या होत्या. हे का?

बॉटनीवाली
उन्हात पेशींनी ऑक्सिजन तयार केला, तो त्या जागांत साठला, चकती हलकी होऊन वर आली. अंधारात ऑक्सिजन बनणं थांबतं पण पेशींचा श्वास चालूच, त्यांनी साठलेला ऑक्सिजन वापरला, जागा परत पाण्याने भरली. कपाटाची कल्पना तिची स्वतःची ना? वहीत तसंच लिहायला सांगा, तारीख-वेळेसकट.
आता पुढचं, सोसायटीच्या बागेत रिओ असेल तर शोधा, वरून हिरवी खालून जांभळी लांबट पानं. पान तिरकं फाडलं की खालचा जांभळा पापुद्रा सुटतो, पाण्याचा थेंब घालून फोल्डस्कोपखाली.

मुलुंडची_आई
वॉचमन काकांनी दोन पानं काढून दिली. फोल्डस्कोप भाच्याकडून आणला. आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि ती टॉर्च लावून बसलीये. सगळीकडे जांभळ्या फरश्या आणि मधे मधे हिरव्या जोड्या, तिने आत्तापर्यंत एका वर्तुळात ११ मोजल्यात. आता विचारतेय पाण्याऐवजी मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला तर काय होईल.

बॉटनीवाली
टाकू दे. जांभळा रंग पेशीच्या भिंतीपासून सुटून आत गोळा होताना दिसेल, आणि ती हिरवी दारं बंद होताना. मग साधं पाणी टाकून बघा. मी जागी आहे, काय दिसलं ते लिहा.